अप्पांना ऊन लागत नसे

नागपूरचा माणूस उन्हानं मरत नाही. हा निसर्गाचा नियम आहे आणि विदर्भात तो पाढ्यांच्या आधी शिकवतात. आता दरवर्षी मे महिन्यात नागपुरात काही माणसं उन्हानं मरतात, ती गोष्ट वेगळी. ती बहुतेक बाहेरगावची असतात, किंवा त्यांनी खिशात कांदा ठेवलेला नसतो.

प्रमोदिनीला हा नियम स्वतःच्या लग्नात कळला. लग्न नागपूरला, मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत. पाचव्या मंगलाष्टकाला ती अंतरपाट हातात धरून त्याच्यासकट खाली गेली. शुद्धीवर आली तेव्हा तिचे सासरे चंद्रकांत, म्हणजे अप्पा, मांडवाला समजावत होते, "काही नाही, काही नाही. पुण्याची आहे. हिला ऊन लागते."

पुढची चोवीस वर्षं तिची ओळख हीच. मधल्या काळात तिनं मुलगी वाढवली, कॅनडात वॉटर्लूमध्ये वीस हिवाळे काढले, उणे अठ्ठावीसमध्ये ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून मग शाळेत नोकरीला गेली. नागपूरच्या नातेवाइकांत मात्र ती ऊन लागलेली सूनच राहिली.

तिच्या नवऱ्याला, नंदूला, ऊन लागत नसे. तो एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर बघायचा, आणि मराठी मंडळाच्या दर वर्षीच्या समर पिकनिकला झाडाखाली उभा राहून लोकांना नागपूर सांगायचा. "तेहेतीस? अरे, तेहेतीसला आमच्याकडे लोक शाल घेतात." लोक टोपीनं वारा घेत ऐकायचे. दर वर्षी तेच वाक्य आणि तीच टोपी, असं प्रमोदिनीला वाटायचं. पण तिनं काही बोलायची सोय नव्हती. तिला ऊन लागायचं.

वॉटर्लूमध्ये वर्षाचे दोन भाग असतात. एका भागात घराबाहेरच्या वस्तू गुंडाळायच्या आणि दुसऱ्या भागात त्या सोडायच्या. गुंडाळण्यात प्रमोदिनीचा हात धरणारं कोणी नव्हतं. ज्या घरात ती वाढली तिथे टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, फ्रिजच्या हँडलला टॉवेल आणि मिक्सरला झालर होती. इथे तिला उणे अठ्ठावीस मिळालं, म्हणजे रान मोकळंच. करड्या रेक्झिनला आतून गोधडीचं अस्तर लावून तिनं बार्बेक्यूला, लॉनमोवरला, पॅटिओच्या खुर्च्यांना, एसीच्या बाहेरच्या डब्याला, सगळ्यांना कव्हरं शिवली होती. मेलबॉक्सलाही एक होतं. ते पोस्टमननं तक्रार केल्यावर काढलं. कव्हरं इतकी मापात की शेजारची ज्युडिथ दर हिवाळ्यात विचारायची, कुठून ऑर्डर केलीस? नोव्हेंबरात गुंडाळायचं प्रमोदिनीनं आणि मेच्या लाँग वीकेंडला सोडायचं नंदूनं, अशी वाटणी होती. संसारातल्या सगळ्या वाटण्यांप्रमाणे ही कुणी लिहून ठेवली नव्हती.

त्या वर्षी मेच्या लाँग वीकेंडला अप्पा आले.

सासूबाई, प्रभाताई, जाऊन वर्ष झालं होतं. एक्याऐंशी वर्षांच्या माणसानं नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकट्यानं किती दिवस वरण-भात लावायचा? नंदू एकुलता एक. तो जाऊन त्यांना घेऊन आला. टोरोंटोच्या एअरपोर्टवर अप्पा व्हीलचेअरमधून बाहेर आले ते मांडीवर पितळी तांब्या, डोक्याला दुपट्टा आणि शर्टाच्या खिशात कांदा अशा थाटात. कस्टम्सनं कांदा काढून घेतला. अप्पा हे दुःख जुलैपर्यंत सांगत होते.

अप्पा हवामान खात्यात होते, त्यामुळे तापमानाबद्दल घरात त्यांचा शब्द अखेरचा असे. खात्यात ते एस्टॅब्लिशमेंटला हेडक्लार्क होते. चौतीस वर्षांत त्यांनी थर्मामीटर कधी वाचला नव्हता, रजेचे अर्ज वाचले होते. पण पारा ज्या इमारतीत चढतो त्याच इमारतीत आपण बसलो, हे साधं नव्हे.

त्यांना घरातली सगळ्यात चांगली खोली दिली. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडे दोन मोठ्या खिडक्या, सूर्यास्त दिसणारी. बेसमेंटही होतं, तिथे कार्पेट होतं, पलंग होता, छोटी वॉशरूम होती. पण बेसमेंटचं नाव काढायची सोय नव्हती. अप्पांचे मित्र देशकर ब्रॅम्पटनला मुलाकडे गेले होते, तेव्हा मुलानं त्यांना बेसमेंटमध्ये ठेवलं. ही बातमी देशकरांच्या आधी नागपुरात पोचली. "बापाला तळघरात टाकलं बे पोरानं," अप्पा अजून सांगायचे. "सून म्हणाली असंन, खाली थंड राहते." शेवटचं वाक्य ते सहज म्हणायचे, पण प्रमोदिनीनं ते आपल्या नावावर जमा करून घेतलं होतं.

ते आले त्या दिवसापासून तिला एकच धास्ती होती. या म्हाताऱ्या माणसाला आपल्या घरात काही होता कामा नये. आणि काही झालं तर ते आपल्यामुळे होता कामा नये. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला पुढे कळलं.

जून थंड गेला. पंधरा, सोळा, एकदा तर अकरा. अप्पा स्वेटरवर स्वेटर घालून बसले आणि एसी लावायचा प्रश्नच आला नाही. मग जुलैच्या पहिल्या रविवारी हवामान बदललं. बदललं म्हणजे, सकाळी कुणीतरी गावावर ओला टॉवेल टाकला. फोनवर लाल पट्टी आली: तापमान चौतीस, जाणवेल चव्वेचाळीस, पाच दिवस, म्हाताऱ्यांना सांभाळा.

"जाणवंन म्हणजे?" अप्पांनी विचारलं.

"ह्युमिडिटी धरून, अप्पा," प्रमोदिनी म्हणाली. "दमटपणामुळे जास्त वाटतं."

"वाटते ना? मग वाटू दे. तापमान हे तापमान असते सूनबाई. आमच्या खात्यात 'वाटते' असा कॉलमच नव्हता." ते खुर्चीत रेलले. "चौतीस! हे ऊन आहे का बाप्पा? हे तर चांदणं आहे."

दुपारी नंदूनं तरी एसी लावला. "प्रमोदिनीसाठी," असं तो वडिलांना म्हणाला. अर्धा तास खोल्याखोल्यांतल्या जाळ्यांतून कोमट वारा आला आणि मग तोही थांबला. फोनवरच्या ॲपनं कळवलं की घर थंड व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आहे. नंदूनं ॲप बंद करून चालू केलं. थर्मोस्टॅट रिस्टार्ट केला, अपडेट केला, वायफायवरून काढून परत जोडला. बेसमेंटमध्ये जाऊन ब्रेकर खाली-वर केला. घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलला. शेवटी डायनिंगच्या खिडकीतून मान वाकडी करून कुंपण आणि झुडपं यांच्या मधल्या बोळात बघितलं. करडा डबा जागेवर होता.

"चोरीला तर गेला नाहीये," तो म्हणाला. मग बराच विचार करून त्यानं निदान केलं. "हार्डवेअरचा प्रॉब्लेम आहे."

सॉफ्टवेअरच्या माणसानं हे म्हटलं की त्याचं काम संपतं. त्यानं सर्व्हिसवाल्यांना फोन लावला. अख्ख्या गावाला आपापले एसी त्याच दिवशी आठवले होते; अकरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

संध्याकाळी शंतनुचा फोन आला. शंतनु मंडळाचा अध्यक्ष, पुण्याचा, गेल्या वर्षी नंदूला सात मतांनी पाडून निवडून आलेला.

"अरे नंदू, एसी गेला म्हणे तुमचा? अप्पांना घेऊन सगळे इकडे या. बावीसवर ठेवलाय. खोली रिकामीच आहे."

प्रमोदिनी समोर उभी राहून मान हलवत होती. होय म्हण. होय म्हण. नंदूनं तिच्याकडे पाठ केली.

"छे रे, काही गरज नाही. आम्ही नागपूरचे. कूलर लावतोय आम्ही."

"इथे? कूलर?" शंतनुनं विचारलं. "बरं, बरं. पिकनिकला सांग आम्हाला अनुभव."

आता कूलर लावणं भागच होतं.

सोमवारी सकाळी अप्पांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. महिन्या-दीड महिन्यात प्रमोदिनीनं त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. नागपूरला होळी झाली की कूलर काढतात. टाकी घासायची, गवताच्या ताट्या बदलायच्या, पंप लावून बघायचा, हा घराघरातला सण असतो. अप्पांना तो सण वर्षाआड मिळाला. स्वेटरांचा मोठा प्लॅस्टिकचा डबा रिकामा झाला. ऊर्मीच्या जुन्या फिश टँकचा पंप निघाला. गवत कुठून आणायचं, तर नंदूला फर्नेसच्या ह्युमिडिफायरची पॅडं आठवली. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी होते की ओठ फाटतात, म्हणून हवेत पाणी घालायला ती लागतात. मागे बॉक्स फॅन.

"का बे नंद्या, तो पंखा तिरपा बसून राहिला!"

"बघतो अप्पा."

"तुझी माय असती तर दोन मिनटात लावला असता. टाकीत पाणी तीच टाकत जाय."

पंप चालू झाला, पॅडांवरून पाणी झिरपलं, पंखा घरघरला, आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास खोलीभर पसरला. अप्पांनी डोळे मिटून तो छातीभर घेतला. "हां. आता घरात आल्यासारखं वाटून राहिलं."

मग त्यांनी दोन्ही खिडक्या बंद करायला लावल्या. लू येते म्हणून.

ऊर्मी संध्याकाळी कामावरून आली. एकोणीस वर्षांची, कॅनडातल्याच लंडन गावच्या युनिव्हर्सिटीत, आणि उन्हाळ्यापुरती गावच्या स्विमिंग पूलवर लाइफगार्ड. आजोबांच्या खोलीच्या दारात ती थबकली. आतून बाथरूमसारखी वाफ आली.

"डॅड, यू बिल्ट अ सॉना."

"सॉना नाही, कूलर. इट वर्क्स बाय इव्हॅपोरेशन. फिजिक्स आहे."

"इव्हॅपोरेट कुठे होणार? हवेत जागाच नाहीये. ऑलरेडी ऐंशी पर्सेंट ह्युमिडिटी आहे. मॉम, टेल हिम."

मॉमनं काही टेल केलं नाही. तिला सकाळपासून तेच म्हणायचं होतं; एमएस्सी तिची फिजिक्समधली. पण 'पुण्यात असतं का फिजिक्स?' हा विनोद घरात एकदा होऊन गेला होता, आणि अप्पा डोळे मिटून गालातल्या गालात हसत होते. वर्षभरात पहिल्यांदा हसत होते म्हणे.

कूलरला पाणी लागायचं. बेसमेंटमध्ये डीह्युमिडिफायर होता. उन्हाळ्यात कार्पेटला बुरशी येऊ नये म्हणून तो हवेतलं पाणी ओढून बादलीत साठवायचा. "ते पाणी का वाया घालवायचं?" असं नंदूनं विचारलं. प्रश्न रास्त होता. तेव्हापासून दर चार तासांनी प्रमोदिनी खालची बादली उचलून दोन जिने चढायची आणि वर कूलरमध्ये ओतायची. एक यंत्र हवेतून पाणी काढत होतं, दुसरं तेच पाणी हवेत घालत होतं, आणि मधे घामाच्या धारांनी ती.

नंदूला मदत करता आली नाही. एरवी तो आठवड्यातून चार दिवस घरून काम करायचा. त्या आठवड्यात त्याला रोज ऑफिसला जावं लागलं. ऑफिसात एकवीस डिग्री असायचं.

मंगळवारी पस्तीस झालं. अप्पांनी पोळी परत केली, पन्हं घेतलं. कैरी मिळाली नव्हती, मेक्सिकन हिरव्या आंब्याचं केलं होतं. "आंबट नाही," ते म्हणाले, पण प्यायले. बुधवारी त्यांनी पन्हंही अर्धं ठेवलं. जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला. प्रमोदिनीनं ते पाहिलं. ती बादली घेऊन पहिल्या पायरीवर तशीच उभी राहिली, आणि तीन दिवस तोंडात घोळवलेलं वाक्य तिनं शेवटी बाहेर काढलं. काढताना मात्र तिला ते सरळ काढता आलं नाही.

"अप्पा, मी दुपारी खाली बसते जरा. कार्पेटवर. तुम्ही पण येता का गप्पा मारायला?"

"खाली म्हणजे कुठं?"

"खाली... बेसमेंटला."

अप्पा कठड्याला धरून थांबले. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"सूनबाई, मी तुम्हाला जड होऊन राहिलो का?"

'तू'चं 'तुम्हाला' झालं होतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"नाही हो अप्पा! तसं नाही. मलाच उकडतंय म्हणून."

"तू जा ना मग. तुला ऊन लागते." ते एक पायरी उतरले आणि हसले. "मला काय होते?"

त्या रात्री जेवताना तिनं नंदूला सांगितलं, की उद्या अप्पांना शंतनुकडे नेऊ या, नाहीतर निदान लायब्ररीत. गावानं तिथे म्हाताऱ्यांसाठी थंड हॉल उघडलाय. नंदू ताटात बघत म्हणाला, "परवा पाऊस आहे. एका दिवसासाठी कशाला तमाशा?" मग हळू आवाजात, "देशकरांचं माहितीये ना तुला."

ऊर्मी म्हणाली, "हू इज धिस देशकर अँड व्हाय डझ ही रन अवर हाउस?"

नंदूनं भात वाढून घेतला.

गुरुवारी दुपारी दोन वाजता प्रमोदिनी बादली घेऊन वर गेली तेव्हा अप्पा पलंगाच्या कडेला ताठ बसले होते. चेहरा लालबुंद. ती बादली ठेवून पुढे झाली. पण तिला पाहून त्यांनी दोन्ही हात फैलावले.

"बघ! हात लावून बघ बनियनला."

बनियन कोरडं होतं. पाठ कोरडी, कपाळ कोरडं.

"सवय झाली मला इथली. सकाळपासून घामच नाही येऊन राहिला. तुझ्या फोनला सांग, म्हणा काय जाणवते ते."

तिला हायसं वाटलं. हे तिनं पुढे कुणालाच सांगितलं नाही, पण त्या क्षणी तिला खरोखर हायसं वाटलं. चार दिवस सगळं घर चिंब होतं, टॉवेल वाळत नव्हते, मिठाचं पाणी झालं होतं. घरात एकच वस्तू कोरडी होती आणि ती म्हणजे सासरे. असेल बाबा, तिच्या मनात आलं. नागपूरची माणसं वेगळीच असतील. चोवीस वर्षं ऐकलेल्या गोष्टीवर तिनं त्या दिवशी पहिल्यांदा विश्वास ठेवला, आणि खाली जाऊन कुकर लावला.

साडेतीनला वरून हाक आली.

"प्रभा!"

ती जिन्यात थांबली.

"प्रभा, टाकीत पाणी टाकलं का?"

ती धावत वर गेली. अप्पा खिडकीशी उभे होते आणि बंद खिडकी पुन्हा पुन्हा बंद करत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नजर तिच्यावर होती, पण तिच्यासाठी नव्हती.

"टाकलं का?"

"टाकलं," प्रमोदिनी म्हणाली.

"मग खसचं अत्तर टाक थोडं. नंद्याची बायको येऊन राहिली आज." मग काळजीनं, खाजगी आवाजात, "पुण्याची आहे. तिला ऊन लागते. तिला कूलरसमोर झोपव."

आणि ते होते तिथेच गुडघ्यांतून दुमडले. तिनं धरलं, पण ते तिच्यासकट खाली आले.

नेमकी तेव्हाच ऊर्मी शिफ्ट संपवून घरात शिरत होती. आईची हाक ऐकून ती तीन-तीन पायऱ्या चढत आली. तिनं आजोबांच्या कपाळाला हात लावला आणि तो भाजल्यासारखा मागे घेतला. नाइन-वन-वन तिनंच लावला. कूलरचा डबा तिनंच आडवा केला आणि त्यातलं सगळं पाणी आजोबांच्या अंगावर ओतलं. चार दिवसांत त्या पाण्याचा एवढाच उपयोग झाला.

पॅरामेडिक्स नऊ मिनिटांत आले. एकानं कानात थर्मामीटर घातला आणि दुसऱ्याला आकडा सांगितला. एक्केचाळीस पॉइंट दोन. प्रमोदिनीच्या मनात आलं, नागपूरला एप्रिलमध्ये हे हवेचं असतं. त्या वेळी मनात काय यावं यावर माणसाचा ताबा नसतो.

हॉस्पिटलात त्यांना बर्फाच्या पिशव्यांत ठेवलं. खूप थंड होतं तिथे. प्रमोदिनीनं नंदूच्या जॅकेटमध्ये हात घातले. एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली. घरात एसी आहे का? आहे. चालू होता का? नाही. किती दिवस? पाच. घरात याहून थंड अशी एखादी जागा होती का?

नंदू जमिनीकडे बघत होता. प्रमोदिनी म्हणाली, "बेसमेंट."

"देन व्हाय..." डॉक्टरणीनं सुरुवात केली. मग दोघांचे चेहरे बघून तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

देशकर इंग्रजीत सांगता येत नव्हते.

शुक्रवारी, कबूल केल्याप्रमाणे, पाऊस आला आणि हवा निवळली. रविवारी पहाटे अप्पा गेले. आधी किडन्या, मग बाकी सगळं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

सर्टिफिकेटवर कारण स्पष्ट लिहिलं होतं, आणि घरी येऊन नंदूनं ते डायनिंग टेबलावर पालथं ठेवलं. मग नागपूरला फोन लावला. चुलतभाऊ होता. स्पीकर चालूच राहिला होता.

"काय झालं बे, असं अचानक?"

नंदूनं प्रमोदिनीकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. कॅनडात, चौतीस डिग्रीत, हवामान खात्यातला माणूस ऊन लागून गेला, हे वाक्य जगातल्या कुठल्याही फोनवरून नागपूरला सांगता येणार नव्हतं.

"हार्ट," नंदू म्हणाला.

"हां. हार्टच असंन," चुलतभावाला पटलं. "तिथली थंडी. म्हाताऱ्या माणसाला सहन नाही होत बाप्पा ती."

"हो ना," नंदू म्हणाला. जुलै चालू होता.

दिवसभर तेच सांगितलं गेलं. शंतनु आला, त्यालाही हार्ट. तो कूलरचं काही बोलला नाही, नंदूच्या खांद्यावर हात ठेवून खूप वेळ बसला, आणि जाताना प्रमोदिनीला दारात म्हणाला, "वहिनी, मी परत एकदा फोन करायला हवा होता." तिला रडू आलं ते तेव्हा, पहिल्यांदा.

संध्याकाळी तिनं अप्पांची खोली आवरली. उशीच्या खाली कांदा सापडला. इथलाच, लाल, तिच्या किचनमधला. त्यांनी तिला न विचारता घेतला होता.

नंतरच्या गुरुवारी, ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी एसीवाला आला. नंदू झोपला होता. हल्ली तो दिवसा झोपायचा. दारात पन्नाशीचा, टूलबॉक्स घेतलेला माणूस होता. तिनं घाईत ऊर्मीला "तो मागचा दिवा लाव गं" असं सांगितलेलं ऐकून तो हसला.

"मराठी का तुम्ही? मी फ्रँकलिन. वसईचा. सव्वीस वर्षं झाली इथं." त्यानं बूट काढायला सुरुवात केली. "सांगा ताई, काय होतंय एसीला?"

"चालू होत नाही. अकरा दिवस झाले. आमचे मिस्टर म्हणत होते हार्डवेअरचा प्रॉब्लेम आहे."

"बाहेरूनच बघतो आधी."

ती त्याच्या मागे कुंपणालगतच्या बोळात गेली. ओलं गवत वाढलं होतं, डास होते. झुडपाच्या फांद्या बाजूला करून फ्रँकलिन डब्यासमोर उभा राहिला. त्यानं टूलबॉक्स खाली ठेवला. उघडला नाही.

"ताई," तो म्हणाला, "याचं कव्हर काढलं नाही तुम्ही."

प्रमोदिनीनं पाहिलं. करडं रेक्झिन, कडेनं दुहेरी शिलाई, खाली नाडी. नाडीची गाठ तिनंच नोव्हेंबरात मारली होती, वाऱ्यानं सुटू नये म्हणून निरगाठ.

"आत हवाच जात नाही ना याच्यात. गरम होऊन बंद पडतो बिचारा." फ्रँकलिननं गाठ सोडवली, कव्हर वर ओढलं, आणि अस्तराला अंगठ्यानं चाचपून पाहिलं. "पण शिवलंय मस्त हो. असं मार्केटमध्ये नाही मिळत. कुठून घेतलं?"

"मी शिवलं," प्रमोदिनी म्हणाली.

तो बेसमेंटमध्ये जाऊन बटण दाबून आला. डबा एकदा खाकरला आणि गुणगुणायला लागला. घरातल्या सगळ्या जाळ्यांतून गार वारा यायला लागला, वरच्या पश्चिमेच्या खोलीतही. फ्रँकलिननं फॉर्म भरला. बिघाडाच्या रकान्यात त्यानं 'नाही' लिहिलं आणि सहीसाठी तिच्यापुढे धरला.

तो गेल्यावर तिनं कव्हर झटकून दोरीवर टाकलं. बाहेर एकोणीस डिग्री होतं. तिनं एसी बंद केला.